रद्द झालेल्या सामन्याचे विजेते

वसमतच्या मोंढ्यात हळदीचा भाव सकाळी एक असे, दुपारी दुसरा, आणि पोतं काट्यावर चढेपर्यंत तिसरा. भीमराज पुंडगे यांच्या निर्णयाचं तसं नव्हतं. कालव्याच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते, पण ती पोटापाण्याची गोष्ट झाली. खरे ते अंपायर होते. रविवार उजाडला की इस्त्रीचा पांढरा कोट पिशवीत घालून एसटीनं कधी आखाडा बाळापूर, कधी पुसेगाव, जिथं स्पर्धा असेल तिथं जायचे. मानधन म्हणून नारळ आणि टॉवेल मिळे. घरात टॉवेलांची थप्पी लागली होती. पण एकदा पुसेगावला त्यांनी सख्ख्या मेहुण्याला पायचीत दिलं, तेव्हापासून मेहुणा त्यांच्या घरचं पाणी पीत नव्हता, आणि या गोष्टीचा पुंडग्यांना टॉवेलांपेक्षा जास्त अभिमान होता.

अशा माणसाला दोन हजार चार साली बाळापूरच्या भर मैदानात मिसरूड फुटायच्या वयाच्या एका बॉलरनं सांगितलं, की काका, तो नियम कधीच बदलला, नेटवर बघा.

पुंडग्यांनी निर्णय बदलला नाही. पण परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळूनही त्यांचं बाहेर लक्ष लागेना. नियम खरंच बदलला असेल आणि आपल्याला ठाऊक नसेल, तर आजवर बाद दिलेल्या माणसांचं काय? मेहुण्याचं काय? सोमवारी कचेरी सुटताच त्यांनी नेट कुठं मिळतं याची चौकशी सुरू केली.

ते बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, मुन्नाशेठच्या दुकानात मिळत होतं. मुन्नाशेठ मूळचा कुठला, आडनाव काय, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. विचारायची गरजही पडली नव्हती, कारण तो प्रत्येकाला आधी ‘साहब’ म्हणे आणि मग चहा सांगे. पुंडग्यांनी क्रिकेटचे नियम बघायचेत म्हणून सांगितलं, तेव्हा तो खुर्चीतून उठून उभाच राहिला. नियम जिथं बनतात त्या लंडनचीच आपली कंपनी आहे म्हणाला. पडदा उजळला, पान निघालं. नियम बदललेला नव्हता. पुंडग्यांनी त्या पानाची प्रत छापून घेतली, घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि निघाले.

गोष्ट इथंच संपायला पाहिजे होती. पण दारापाशी मुन्नाशेठनं अगदी लीनपणे विचारलं, की साहब, आपल्यासारखा जाणकार दुकानात आला, तर एवढं सांगून जा, आजच्या सामन्यात कोण जिंकंल? पुंडग्यांनी खेळपट्टी, वारा, नाणेफेक असं सगळं धरून उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी ते खरं ठरलं. तिसऱ्या दिवशी दुकानात त्यांच्यासाठी हाताची खुर्ची मांडलेली होती.

दुकानाचा खरा धंदा त्यांना त्या खुर्चीत बसल्यावर कळला. मुन्नाशेठ हा लंडनच्या कुठल्याशा कंपनीचा एजंट होता. त्याच्याकडे पैसे भरले की तो पडद्यावर तुमच्या नावाचं खातं उघडून देई. मग सामन्यावर पैज लावायची, आणि जिंकलं की खात्यातला आकडा आपोआप फुगायचा. याला तो सट्टा म्हणत नसे. ‘ऑनलाइन’ म्हणे. सट्टा म्हटलं असतं तर वसमतची निम्मी भली माणसं त्या पायऱ्या चढली नसती. ऑनलाइन म्हटल्यावर हळदीचे आडते आले, मास्तर आले, पुंडग्यांचे शेजारी उत्तमरावही आले. उत्तमराव घरचे जमीनदार, साखर कारखान्याचे जुने सभासद. आपण फक्त पंख्याखाली हवा खायला येतो, असं ते रोज सांगत.

लोक आधी पुंडग्यांना विचारत आणि मग पैसे लावत. अंपायर माणूस, सख्ख्या मेहुण्याला सोडलं नाही, तो आपल्याला काहून फसवंल? शेवटी पुंडग्यांनी स्वतःही एका पगाराएवढी रक्कम भरली. हा जुगार नव्हे, ही बुद्धीची परीक्षा आहे, असं त्यांनी स्वतःला पटवलं. बायकोला मात्र पटवायचा प्रयत्न केला नाही. कमलबाईंना एखादी गोष्ट पटवायची म्हणजे आधी ती सांगावी लागली असती.

त्यांचे अंदाज एकामागून एक खरे ठरत गेले आणि पडद्यावरचा आकडा असा वाढला की त्यात घराला स्लॅब पडला असता. म्हणून एक दिवस त्यांनी पैसे काढायचं ठरवलं.

मुन्नाशेठला फार आनंद झाला. फक्त लंडनचा कर तेवढा आधी भरावा लागतो म्हणाला. पुंडग्यांनी भरला. मग कळलं की पौंडाचे रुपये करायची फी वेगळी असते. तीही भरली. मग खात्यावरच्या नावात ‘भीमराज’ऐवजी ‘भिमराज’ पडलंय, ते दुरुस्त करायचा आकार. मग लंडनला सुट्ट्या लागल्या. दुसऱ्या कोणाला याचा संशय आला असता. पुंडग्यांना उलट धीर आला. आयुष्यभर त्यांनी स्वतः शेतकऱ्यांना सातबारा राहिला, सही राहिली, तिकीट राहिलं म्हणून परत पाठवलं होतं. एका फेरीत काम करून देणारी कचेरी त्यांनी पाहिलेलीच नव्हती. कंपनी इतकी अडवते आहे म्हणजे नक्कीच खरी असणार, असा त्यांनी हिशेब केला, आणि ते वाट बघत राहिले.

त्या खरेपणाला पहिला तडा पावसानं दिला.

भारताचा संघ परदेशात खेळत होता. सामना आपल्याकडे संध्याकाळी रंगात यायचा, आणि नेमकं त्याच दिवसापासून वसमतमध्ये संध्याकाळचं भारनियमन सुरू झालं. टीव्ही बंद, केबल बंद. मुन्नाशेठच्या दुकानात मात्र बॅटरीवर कॉम्प्युटर चालू, त्यामुळे गर्दी दाराबाहेर आलेली. पुंडगे येताना घरचा सेलवरचा रेडिओ घेऊन आले होते. पडदा आकडे दाखवतो, पण चेंडू कसा पडला ते सांगत नाही, अशी त्यांची तक्रार होती. खुर्चीत बसून त्यांनी रेडिओ कानाला लावला. समालोचक सांगत होता की पाऊस जोरात आहे, खेळाडू आत गेलेत, मैदानावर आच्छादन घातलंय.

तेवढ्यात दुकानात जल्लोष झाला. पडद्यावर चौकार गेला होता.

पुंडग्यांना वाटलं, आधीच्या चेंडूचा असेल. त्यांनी रेडिओ दुसऱ्या कानाला लावला. पाऊस वाढला होता. पडद्यावर एक गडी बाद झाला. समालोचक वेळ काढायला जुन्या सामन्यांच्या आठवणी सांगू लागला, आणि पडद्यावर नवा फलंदाज येऊन दोन धावा काढून गेला.

पुंडगे उभे राहिले आणि खेळ थांबलाय म्हणून सांगितलं. कोणी लक्ष दिलं नाही. तेव्हा त्यांनी मैदानात लावतात तो आवाज लावला, आणि दुकान गप्प झालं.

मुन्नाशेठ हसून म्हणाला, “साहब, रेडिओ मागं असतो. लंडन पुढं.”

“रेडिओ मागं असंल तर असू दे,” पुंडगे म्हणाले. “पण पाऊस पडल्यावर हे कोरडे लोक कुठं खेळून राहिले?”

मुन्नाशेठनं घाम पुसला आणि आतल्या खोलीकडे बघितलं. त्या खोलीत लंडनची मशीन आहे म्हणून तो कोणाला जाऊ देत नसे. चपला काढून जातो म्हटलं तरी नाही. पडद्यावरचा सामना मात्र तसाच पुढं चालला आणि वीज यायच्या आत संपलाही. मोठा चुरशीचा झाला.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की सामना पावसामुळे रद्द.

आता सगळं गाव मुन्नाशेठच्या दुकानावर चालून जाईल, असं पुंडग्यांना वाटलं. पेपर हातात घेऊन ते सकाळीच मोंढ्यात गेले. पण झालं भलतंच. त्या न झालेल्या सामन्यात निम्मे लोक हरले होते खरे, पण निम्मे जिंकलेही होते, आणि जिंकलेले लोक पुंडग्यांवरच भडकले. एका आडत्यानं तर स्पष्ट विचारलं, की सामना रद्द झाला असं तुमी म्हणता, मग माझ्या खात्यात आकडा वाढला कसा? पेपरवाले काय लंडनला जाऊन आले? दुसऱ्याचं म्हणणं पडलं की लंडनला पाऊस नसेल, पाऊस पेपरच्या गावी असेल. एका मास्तरांनी सुचवलं की सामने दोन असावेत. पुंडग्यांनी आयुष्यात पुष्कळ वाद ऐकले होते, पण न पडलेल्या चेंडूवर मारलेल्या चौकाराची बाजू घेणारी माणसं ते पहिल्यांदाच बघत होते.

संध्याकाळी ते एकटेच दुकानात गेले आणि आपले भरलेले पैसे मागितले. लंडनची फी नको, जिंकलेला आकडा नको, घातले तेवढे द्या. मुन्नाशेठनं आता ‘साहब’ म्हणणं सोडलं होतं. तो दार ओढून घेऊन हळू आवाजात म्हणाला, “सरकारी नोकर हाये ना तुम? पोलिसात जाओ. आधी तुमची नोकरी जाईल, मग माझं दुकान.”

पैसे बुडाल्याचं पुंडग्यांना लागलं नाही एवढं हे वाक्य लागलं. बाळापूरला आणि पुसेगावला त्यांना शिव्या पडल्या होत्या, एकदा तर दगडही आला होता. पण घाबरून निर्णय फिरवतील असं आजवर कोणी गृहीत धरलं नव्हतं.

घरी जाताना उत्तमरावांनी त्यांना ओट्यावर बसवून घेतलं. गल्लीतली आणखी चार शहाणी माणसं जमली आणि सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, बिननावी अर्ज टाका. दुसरा म्हणाला, टाकाच, पण हिंगोलीच्या डब्यात टाका, वसमतच्या डब्यात टाकू नका, अक्षर ओळखतात. तिसऱ्यानं त्याच्या साडूच्या ओळखीचा एक माणूस सांगितला, जो फसलेले पैसे सोडवून देतो, फक्त त्याची फी आधी भरावी लागते. उत्तमरावांचा सल्ला सगळ्यात थोडक्यात होता. पोरगी लग्नाची आहे, गप बसा. तुमचे किती अडकले, असं पुंडग्यांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “माझे काय अडकणार? आमी आपलं हवा खायला जात होतो.” बाकीच्यांच्या घरचेही पैसे अडकले होते, पण प्रत्येकाच्या बाबतीत ते मेहुण्यानं लावलेले निघाले. वसमतमध्ये इतके मेहुणे आहेत, हे पुंडग्यांना त्या दिवशी कळलं.

पोरगी लग्नाची होती हे मात्र खरं. सपनाला नांदेडहून स्थळ आलं होतं, माणसं शिकलेली, नोकरदार. बाप सट्ट्यात सापडला म्हटल्यावर ती परत फिरली असती तर कोणाला बोल लावणार?

जेवताना पुंडग्यांनी सगळं सांगून टाकलं. सपना ताटातली भाकरी मोडायची थांबली. कमलबाईंनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी नवऱ्याला शब्दात पकडणारी ही बाई. तिचं गप्प बसणं पुंडग्यांना मुन्नाशेठच्या धमकीपेक्षा जड गेलं. शेवटी तिनं एवढंच विचारलं, “मग तुमी नाव देणार का?”

पुंडगे म्हणाले, बिननावी अर्ज म्हणजे झाडामागून दिलेला निर्णय. असला अंपायर मी बघितला न्हाई.

कमलबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. सपना म्हणाली, बाबा, नावच घालायचं तर शुद्धलेखन बघून घाला, तिथंही फी लावतील. मग तिघंही हसले, आणि जेवण गळ्याखाली उतरलं.

सकाळी पुंडगे इस्त्रीचे कपडे घालून पोलीस ठाण्यात गेले. तिथं जमादार प्रेमसिंग होते. त्यांनी खुर्ची दिली, शांतपणे ऐकून घेतलं आणि मग अडचणी मांडायला सुरुवात केली. आरोपीचं पूर्ण नाव काय? मुन्ना. वडिलांचं? माहीत नाही. जिल्ह्यात मुन्ने किती असतील, याचा जमादारांना अंदाज होता. गुन्हा घडला कुठं? दुकान वसमतला, सामना परदेशात, कंपनी लंडनला. हद्द कोणाची धरायची? पुंडगे म्हणाले, पैसे माझ्या खिशातून गेले आणि खिसा वसमतला होता. हे जमादारांना पटलं. पण मुख्य अडचण त्यांनी शेवटाला ठेवली होती. ते पुढं झुकून म्हणाले की, साहेब, पैज लावणाराही कायद्यानं दोषीच धरतात. तुमचं नाव वर आलं की तुमच्या हपिसला कागद जाणार. बिगर नावानं सांगितलं असं समजतो, तुमी घरी जा.

“लिहा,” पुंडगे म्हणाले. “भीमराज सटवाजी पुंडगे. ‘भी’ दीर्घ.”

प्रेमसिंगांनी लिहिलं. लिहून झाल्यावर म्हणाले, एकाच माणसाच्या बोलण्यावर केस उभी राहायला तकलीफ होते. तुमचे गाववाले कुठं आहेत?

गाववाले ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवर होते. पुंडगे आत गेले ही बातमी मोंढ्यात पोचली होती आणि सगळे मेहुण्यांचे नातेवाईक, आपण सहज चहाला आलो असा चेहरा करून उभे होते. उत्तमराव त्यांत होतेच. पुंडग्यांनी खिडकीतून बघितलं. एकानंही रस्ता ओलांडला नाही. निर्णय दिल्यावर मैदानात अंपायर एकटाच असतो, हे त्यांना नवीन नव्हतं. तरी मान थोडी खाली गेलीच.

तेवढ्यात टपरीवरची गर्दी बाजूला सरली आणि पदर नीट करत कमलबाई रस्ता ओलांडून आल्या. नवऱ्यासाठी डबा आणला असेल, असं प्रेमसिंगांना वाटलं. त्या टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “माझंबी नाव लिहा. कमलबाई भीमराज पुंडगे. भिशीचे पैसे मी त्या मुन्न्याकडं लावले होते.”

पुंडगे खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले.

प्रेमसिंगांनी विचारलं, बाई, तुमी कोणाच्या सांगण्यावरून लावले?

“आमच्या मालकाच्या,” कमलबाई म्हणाल्या. “मला सांगितलं न्हाई त्यांनी. पण घरी जेवताना कोण जिंकंल ते रोज बोलायचे. आजवर त्यांचं एकबी चुकलं न्हाई. सामना त्यांनी सांगितला तसाच झाला, पैसे त्या मुन्न्यानं खाल्ले. ह्यात त्यांची काय चूक? हे बराबर लिहा.”

त्या आवाज चढवून बोलल्या नव्हत्या, पण ठाण्याची खिडकी उघडी होती आणि टपरी समोरच होती. आधी कपबशा वाजायच्या थांबल्या. मग उत्तमराव रस्ता ओलांडून आले. हवा खाण्याचं काही बोलले नाहीत. नुसतं आपलं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आणि पुंडग्यांकडे न बघता त्यांच्या शेजारी उभे राहिले. त्यांच्यामागून मास्तर आले, आडते आले. रद्द झालेल्या सामन्यात जिंकलेला आडताही आला. त्याला आपण जिंकलो होतो याची नोंद हवी होती. प्रेमसिंगांनी त्याला हरलेल्यांतच लिहून घेतलं. थोड्या वेळानं कागद संपले आणि शिपायाला दुकानात पिटाळावं लागलं. मेहुणा म्हणून एकाचंही नाव आलं नाही.

इकडं मुन्नाशेठला कुणकुण लागली होती. पोलीस गल्लीत पोचले तेव्हा दुकान उघडंच होतं, आतल्या खोलीत लंडनची मशीन होती. ती म्हणजे एक जुना टीव्ही, आणि टीव्ही बघून पडद्यावर आकडे घालणारा मुन्नाशेठचा साळा. त्या संध्याकाळी वीज गेली, टीव्ही बंद पडला, तेव्हा पुढचा सामना त्यानं आपल्या मनानं खेळून संपवला होता. एवढा चुरशीचा सामना त्यानं एकट्यानं खेळला, याचं दोघा-तिघांना कौतुकही वाटलं. मुन्नाशेठ स्वतः मात्र कॉम्प्युटर पोत्यात घालून एसटीत जाऊन बसला होता.

तो सुटलाही असता. पण कंडक्टरनं पोत्याचं लगेज तिकीट काढायला सांगितलं. गावाकडून ह्या फीवर ती फी उकळणाऱ्या माणसाचा जीव त्या तिकिटासाठी अडला. आत कपडे आहेत म्हणाला. कंडक्टरनं पोतं उचलून बघितलं आणि एवढे जड कपडे कोण घालतं असं विचारलं. हुज्जत वाढली, प्रवाशांत दोन तट पडले, कंडक्टरनं निकाल लागेपर्यंत बेल न मारायची भूमिका घेतली, आणि गाडी उभी ती उभीच राहिली. पोलीस आले तेव्हा मुन्नाशेठ अजून नियम विचारत होता.

पैसे कोर्टामार्फत निघायचे होते आणि कोर्टाला लंडनपेक्षा जास्त सुट्ट्या असतात, तेव्हा त्याचं काय झालं ते लांबडं आहे. काही निघाले, काही नाही. नांदेडच्या स्थळानं पत्र पाठवलं की आम्हाला पेपरातून कळलं. कमलबाई म्हणाल्या, पुढं वाचा. पुढं लिहिलं होतं, की वडिलांनी स्वतः नाव दिलं हे वाचून मुलाच्या आजोबांना भेटायची इच्छा आहे, या रविवारी येतो. पुंडग्यांना रविवारी बाळापूरला सामना होता. लग्नाची बोलणी सोमवारी ठेवावी लागली.

कचेरीतून कागद आलाच. जुगारात भाग घेतल्याबद्दल पुंडगे यांची एक वेतनवाढ रोखण्यात येत आहे, सोबत तक्रारीची प्रत. बातमी ऐकून उत्तमराव सांत्वन करायला आले. तोंड पाडून बसले, सरकार आंधळं असतं म्हणाले. पुंडग्यांनी चष्मा लावून त्यांना तो कागद आधी सगळा वाचून दाखवला, मग तक्रारीची प्रत वाचली, आणि एका ओळीशी थांबून ती पुन्हा वाचली. उत्तमराव बुचकळ्यात पडले. वाढ थांबली त्यात एवढं खूश होण्यासारखं काय, त्यांनी विचारलं.

“हे बघा,” पुंडगे म्हणाले. “भीमराज सटवाजी पुंडगे, तक्रारदार क्रमांक एक. सगळ्या वसमतमधून पहिला.”

उत्तमरावांनी प्रत ओढून घेतली, आपलं नाव शोधलं, आणि त्यांचाही चेहरा खुलला. म्हणाले, मग दोन नंबर माझा.

आतून चहाच्या भांड्यावर झाकण पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ कमलबाईंचा. “भाऊजी, तुमी तीन नंबर. दोन नंबरला मी हाये.”